गिनीपिगच्या बाटलीत कोणते पाणी?

संपादक महोदय,

गिनीपिग, हॅमस्टर पाळणारी मुंबईतील काही कुटुंबे त्यांच्यासाठी बाटलीबंद पाणी विकत आणतात, ते अनावश्यक आहे; भातसा, तानसा, वैतरणेच्या जलाशयांतून येणारे आणि भांडुप व पांजरापूर येथे शुद्ध होणारे पालिकेचे पाणी, आपण पितो तसेच गाळून, उकळून, थंड करून दिलेले, त्यांना उत्तम चालते. बोअरचे जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेले पाणी मात्र टाळावे, कारण गिनीपिगला मूत्राशयात कॅल्शियमचे खडे होण्याची प्रवृत्ती असते.

गिनीपिगला ‘क’ जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागते, म्हणून पाण्यात त्याचे थेंब घालण्याचा सल्ला काही जण देतात; तो तर मला घातकच वाटतो: ते पाण्यात लवकर निकामी होते आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. त्याऐवजी हे जीवनसत्त्व भरपूर असलेली सिमला मिरची रोज द्यावी. बाटलीच्या नळीतून थेंब येतो ना, हेही रोज बोटाने तपासावे.

– एक प्राणिपालक, दादर