पाटी कुठल्या घराला?

लंडन, रविवार

प्रिय शुभा,

‘कवयित्री सिल्व्हिया प्लाथ जिथे वारली त्या घराचा फोटो हवाच’ असं तू बजावलं होतंस. सोबत पाठवते आहे. पण बघून हिरमुसशील, म्हणून आधीच सांगते. २३, फिट्झरॉय रोडवर निळी गोल पाटी, म्हणजे ‘अमुक नामवंत इथे राहत होते’ असं सांगणारी, आहे खरी, पण ती प्लाथची नाही, आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सची आहे. तो लहानपणी त्या घरात राहत होता. डिसेंबर १९६२मध्ये दोन लहानग्या मुलांना घेऊन प्लाथ तिथल्या फ्लॅटमध्ये आली ती ही पाटी बघूनच. येट्सचं घर मिळालं हा तिला शुभशकुन वाटला होता! ११ फेब्रुवारी १९६३ला ती गेली. वय ३०.

तिची स्वतःची पाटी तिथून हाकेच्या अंतरावर आहे, ३, चॅलकॉट स्क्वेअरला. २००० साली बसवली. मधोमध छोटी बाग, भोवती रंगीत दर्शनी भिंतींची घरं. पाटीवर नाव, जन्म-मृत्यूची सालं, कवयित्री, १९६० ते १९६१ इथे वास्तव्य. बस्स, एवढंच.

आता तुझा मुद्दा मला पत्र न येताही ऐकू येतोय: अखेरच्या घराला पाटी नाही म्हणजे काय? अगं, तेव्हाही लोक असेच चिडले होते. इंग्लिश हेरिटेजनं, म्हणजे या पाट्या लावणाऱ्या संस्थेनं, मुळात फिट्झरॉय रोडचाच विचार केला होता. मुलगी फ्रीडा नको म्हणाली. तिनं पुढे हे सगळं लिहून ठेवलंय. आई त्या घरात जेमतेम आठ आठवडे होती. चॅलकॉट स्क्वेअरला मात्र तिनं संसार मांडला, पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, ‘द बेल जार’ ही कादंबरी लिहिली आणि फ्रीडा जन्मली तीही तिथेच. एका पत्रकारानं फारच लावून धरलं आणि शेवटी कबूल केलं, की ती तिथं मेली म्हणून पाटी तिथं हवी. त्यावर फ्रीडाचं उत्तर असं, की आईचं थडगं आहे आमच्याकडे, दुसरं नको.

मी फ्रीडाच्या बाजूची आहे. रागव हवं तर. प्लाथ म्हटलं की आपण शेवटच्या पानावरूनच सुरुवात करतो, एम.ए.ला आपल्याला शिकवलंही तसंच.

हा वाद इतका पेटतो, कारण आता नियम माणशी एकच पाटी असा आहे. माणूस जाऊन २० वर्षं झालेली हवीत, घरमालकाची संमती हवी आणि मूळ इमारत उभी हवी. ही शेवटची अट किती शहाणपणाची आहे बघ. १८६७मध्ये या योजनेतली पहिलीच पाटी लागली ती कवीला, बायरनला, होल्स स्ट्रीटवरच्या त्याच्या जन्मघरावर. १८८९मध्ये ते घर पाडलं. पाटी लागली म्हणून घराला कायद्याचं संरक्षण मिळत नाही, आजही नाही.

पाटी जवळून बघण्यासारखी असते. दीड फुटाहून थोडी मोठी, चिनीमातीची, मध्ये किंचित फुगीर, म्हणजे पावसाचं पाणी ओघळताना धूळही घेऊन जातं. अक्षरांच्या कडा मेंदीचा कोन धरावा तशा पातळ मातीनं हातानं ओढतात, मग आत पांढरी आणि बाहेर निळी झिलई भरून भट्टीत घालतात. खालून बघताना हे काही कळत नाही, छापल्यासारखंच वाटतं.

त्याआधी किंग हेन्रीज रोडला गेले होते. चॉक फार्म स्टेशनवरून पूल ओलांडला की आलंच. १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ साली राहत होते. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं, म्हणून निदान आत जाता येतं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण दिल्लीतलं. इथं आपण बघायला जातो तो रात्रंदिवस वाचणारा विद्यार्थी. प्लाथच्या बाबतीत तुला हेच का चालू नये?

पुढच्या रविवारी हॅम्पस्टेडला जायचा बेत आहे, व्हेल ऑफ हेल्थमध्ये टागोरांची पाटी आहे. १९१२च्या उन्हाळ्यात ते तिथं उतरले होते, इंग्रजी ‘गीतांजली’चं हस्तलिखित बरोबर घेऊन. आणि प्रस्तावना कुणाची? पुन्हा येट्सचीच! आता तू म्हणशील, टागोरांना थोड्या दिवसांच्या मुक्कामावर पाटी, मग प्लाथचे आठ आठवडे का नाही मोजायचे? याला माझ्याकडे उत्तर आहे, पण आधी तुझं येऊ दे. सविस्तर लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
मीना