खारफुटीला मागे सरकायला जागा ठेवा

मा. संपादक,

कांजूरमार्ग ते मुलुंड पट्ट्यातली सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या भाड्याच्या घरांसाठी वापरण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. तेव्हापासून वाद चालू आहे तो घरे कुणाला आणि फायदा कुणाचा, यावर. शेजारच्या ठाणे खाडीबद्दल कुणी फारसे बोलत नाही.

समुद्राची पातळी वाढू लागली की खारफुटी दोन गोष्टी करते. भरतीबरोबर आलेला गाळ मुळांत अडवून पायाखालची जमीन उंच करते आणि तेवढ्याने भागले नाही, तर मागे सरकते. तिवराची, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाची, फळे भरतीच्या पाण्यावर तरंगत जातात व जरा उंच जमिनीवर रुजतात. पण ठाणे खाडीच्या मुंबईकडच्या काठाला मागे आहे काय? द्रुतगती महामार्ग आणि इमारती. मधे जी मोकळी जमीन उरली, ती बहुतांशी मिठागरांचीच. मीठ पिकवणे बंद होऊन बांध फुटले, की तिथे तिवरे आपोआप उगवतात. लावायला कुणाला जावे लागत नाही. भरतीत चिखलाचे पट्टे पाण्याखाली गेले की रोहित पक्षीही अशाच उथळ जागी येऊन उभे राहतात.

उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने खारफुटीला आणि तिच्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्याला संरक्षण दिले. खाडीतले 1690 हेक्टर क्षेत्र 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. हे सगळे संरक्षण आज झाडे उभी आहेत त्या जागेचे. उद्या त्यांना लागणारी जागा मात्र सरकारदरबारी अजून ‘पडीक’च!

धारावीकरांना घरे मिळालीच पाहिजेत. पण अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली की जिथे पाणी साठते, तीच सखल जमीन गरिबांच्या वाट्याला का? भराव घालून त्यांच्या इमारती उंच करता येतील, पण तिथे मावणारे पाणी मग शेजारच्या वस्त्यांत शिरेल.

महापालिकेचा हवामान कृती आराखडा 2022 मध्येच आला आहे. त्याला धरून विकास आराखड्यात ‘खारफुटीच्या विस्तारासाठी राखीव’ असा पट्टा आखावा आणि मिठागरे त्यात घ्यावीत. रस्त्यांखालच्या, राडारोड्याने बुजलेल्या मोऱ्या मोकळ्या करून भरतीचे पाणी आत येऊ द्यावे. या दुसऱ्या कामाला तर कुठल्या मंत्रिमंडळाची मंजुरीही लागत नाही.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)