रस्त्यासाठी डोकी मोजू नका

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यासाठी केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या हाच निकष धरला, या निर्णयाला माझा आक्षेप आहे. सपाट प्रदेशात ५००, आदिवासी भागात २५० लोकवस्ती असेल तरच रस्ता. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारांवर घरे विखुरलेली. दीडशे माणसांचा पाडा या हिशेबात बसतच नाही. तिथे अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून, खांदे बदलत, सडकेपर्यंत न्यावे लागते. पावसाळ्यात ओढा भरला की तीही वाट बंद. वस्ती लहान असल्याने ही पायपीट काही कमी होत नाही. आरोग्य केंद्रापर्यंतचे अंतर हा पहिला निकष हवा. तोवर राज्याने आदिवासी पाडे रस्त्यांनी जोडणाऱ्या आपल्या भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजनेतून असे पाडे आधी घ्यावेत.

— एक वाचक, शहादा