मन आज तयार, तारीख मात्र बावीस दिवसांनंतरची

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. दोन्ही वेळी महसूल, अवैध विक्री आणि महिलांची आंदोलने यांवर भरपूर लिहिले गेले. परंतु ज्याला दारू सोडायची आहे त्याने जायचे कोठे आणि त्याचा नंबर किती दिवसांनी लागतो, हे बंदीच्या समर्थकांनीही फारसे विचारले नाही आणि विरोधकांनीही नाही.

मी सिंदेवाही तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. गेल्या वर्षी रोवणी आटोपल्यावर माझा एक जुना विद्यार्थी सकाळीच घरी आला आणि म्हणाला, "गुरुजी, उद्याच न्या मले, परवा माहं मन फिरलं तं मी येनार नाही." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. रुग्णालयातील डॉक्टर सौजन्याने बोलले, पण खाटा भरलेल्या असल्यामुळे भरती होण्यासाठी बावीस दिवसांनंतरची तारीख मिळाली. परतीच्या वाटेत त्याने ठरवून टाकले की तोवर घरीच दारू बंद करायची, आणि मला, खरे सांगायचे तर, त्याचे कौतुकच वाटले. दुसऱ्या रात्री त्याला झटके आले. ग्रामीण रुग्णालयात नेल्यामुळे तो वाचला. मात्र त्या रात्रीची धास्ती घेऊन तो पुन्हा प्यायला लागला आणि तारखेच्या दिवशी स्टँडवर मी एकटाच उभा होतो.

माझे कौतुक अज्ञानाचे होते, हे नंतर कळले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. हे टाळण्यासाठी डायझेपामसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत देतात आणि जोडीला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. यातील काहीही दुर्मीळ वा महाग नाही. ज्याला पूर्वी झटके आलेले आहेत किंवा दुसरा गंभीर आजार आहे त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवावेच लागेल, पण इतरांचा पहिला आठवडा प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी तालुक्यातच सांभाळू शकतो. शेजारच्या गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाने तालुक्यांच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक चालवून आणि गावोगावी शिबिरे घेऊन हे काम लोकांच्या जवळ नेले आहे. वैनगंगा नदीच्या अलीकडे, आमच्या जिल्ह्यात, ते अशक्य का ठरावे?

केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला होता, तर भरती होऊन उपचार १८० पैकी एकालाच. उरलेल्यांत उपचार नको असलेले कितीतरी असतील, हे मान्य. पण दारापर्यंत येऊन परत गेलेले किती, हे कोणाच्याच नोंदवहीत दिसत नाही, कारण दिलेली तारीख लिहिली जाते आणि न आलेला माणूस लिहिला जात नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश आहे आणि सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. खाजगी केंद्रांचे महिन्याचे शुल्क धानाच्या शेतमजुराला झेपणारे नसल्यामुळे त्याच्यापुरता हा हक्क म्हणजे सरकारी खाट, आणि खाट म्हणजे ती तारीख.

म्हणून जिल्हा आरोग्य प्रशासनास विनंती आहे की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एका वैद्यकीय अधिकाऱ्याला या उपचाराचे प्रशिक्षण द्यावे, वरील औषधांचा साठा खंड न पडता ठेवावा, आणि कोणालाही पुढची तारीख देताना तोपर्यंतची औषधे व 'स्वतःहून एकदम बंद करू नका' ही सूचना घरच्यांच्या हाती लेखी द्यावी. व्यसनमुक्तीची ओपीडी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवल्यास आणखी सोयीचे होईल. त्या दिवशी गावातला माणूस तालुक्याला येतोच, आणि कशासाठी आला हे कोणी विचारत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर
(नाव प्रसिद्ध करू नये, माझ्या नावावरून गावात त्या मुलाची ओळख पटेल.)