जहाज मोजताना माणूसही मोजा : केंद्रीय जहाजवाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री,
बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

ग्वाल्हेरहून जहाजांविषयी पत्र यावे याचे आपल्या कार्यालयात नवल वाटेल, कारण आमच्यापैकी कित्येकांनी समुद्र पाहिला तो मुंबईच्या नातेवाइकांकडे गेल्यावरच. परंतु ज्या ‘लॉयल्टी’ जहाजाच्या ५ एप्रिल १९१९ च्या मुंबई-लंडन सफरीची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळता, ते त्याआधी ग्वाल्हेर दरबारचे होते. पहिल्या महायुद्धात माधवराव महाराजांनी ते रुग्णालय-जहाज म्हणून दिले. युद्धानंतर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून तिला जेरीस आणले, तरीही याच कंपनीने विशाखापट्टणमला गोदी बांधली, आणि तेथे तयार झालेले ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

आजची स्थिती आपण जाणताच. देशाच्या परदेशी व्यापारातील वजनाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे जातो, पण त्यातला जेमतेम पाच टक्के भारतीय जहाजांतून. परदेशी कंपन्यांना वर्षाकाठी सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडे जाते, हे पंतप्रधानांनीच सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला सांगितले. आमच्या भागातला घडीव दगड कंटेनरमध्ये भरून परदेशी रवाना होतो, तेव्हा व्यापाऱ्याच्या हातात असते ते फक्त सीलचा क्रमांक टिपून घेणे. पुढचे भाडे आणि जहाजाचा मार्ग तिसऱ्याच देशात ठरतो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आणि वाढलेल्या खर्चाची झळ समुद्रापासून इतक्या दूरच्या माणसालाही बसली. स्वतःची जहाजे असती तर हल्ले टळले असते असे कोणी म्हणणार नाही, पण कोणता माल आधी आणायचा हे ठरवण्याची सत्ता तरी आपल्याकडे राहिली असती.

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी मंजूर केलेल्या ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनेचे म्हणूनच मनापासून स्वागत आहे. मात्र तिच्याविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक टनांत आणि कोटींत असते, आणि माझे म्हणणे नेमके येथे सुरू होते.

भर समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो मुख्यतः त्याच्या ध्वजाच्या, म्हणजे ते जेथे नोंदलेले आहे त्या देशाचा. जगातील सुमारे १२ टक्के नाविक भारतीय असल्याचे सरकार अभिमानाने सांगते, परंतु त्यांतले बहुसंख्य पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटांच्या ध्वजाखाली राबतात. ‘हिरोइक इदून’ या मार्शल बेटांच्या ध्वजाच्या टँकरवरील २६ जणांपैकी १६ भारतीय होते. ऑगस्ट २०२२ मध्ये इक्वेटोरियल गिनीने त्यांना अडकवले, तेथून त्यांना नायजेरियाच्या ताब्यात दिले गेले, आणि सुटकेला २०२३ चा उन्हाळा उजाडला. आपल्या दूतावासांनी धावपळ केली, पण जहाज आपले नव्हते. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तेथे बातमीही होत नाही : पगार थकतो, डिझेल संपते, जनरेटर बंद पडतो, आणि बंदर प्रशासन खलाशांना उतरू देत नाही, कारण रिकामे जहाज त्यांनाही नको असते. अशा टाकून दिलेल्या नाविकांत २०२४ साली सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. नाविकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला खरा, पण त्यातील थकीत पगाराची हमी चार महिन्यांपुरतीच आहे. भारतीय ध्वजाखालचे मालकही पगार बुडवतात, हे मान्य. पण तेथे जहाज आणि मालक दोघेही आपल्या जहाजवाहतूक महानिदेशालयाच्या पकडीत असतात. व्यापारासाठी जितका तिरंगी ध्वज हवा, तितकाच तो या माणसांसाठी हवा.

आता आमच्या लष्कर भागातील एका मुलाविषयी. नाव सांगत नाही. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम त्याने मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण केला, सीडीसीची (जहाजावरील नोकरीच्या नोंदींची) पुस्तिका हाती आली, आणि तिची पाने कोरीच राहिली. जहाजावर नोंद नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून जहाज नाही. शेवटी एका दलालाने ‘जॉइनिंग’साठी लाखांत रक्कम घेतली आणि फोन बंद केला. नाविकांची भरती करणाऱ्या परवानाधारक संस्थेला नोकरी देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेताच येत नाहीत, हे त्याच्या वडिलांना कोणी सांगितले नव्हते. सांगणार तरी कोण? महानिदेशालय मुंबईत, आणि येथे त्या विषयाची माहिती देणारी एक खिडकीही नाही.

टनेज कर, म्हणजे नफ्याऐवजी जहाजाच्या टनांवरून ठरणारा कर, २००४ मध्ये आला तेव्हा त्याचा लाभ घेणाऱ्या कंपन्यांवर प्रशिक्षणार्थी अधिकारी घेण्याची अट घातली गेली. नव्या योजनेतून ज्या जहाजाला सरकारी पैसा मिळेल, त्यावर अधिकाऱ्यांबरोबर नव्या रेटिंगसाठीही राखीव जागा असाव्यात, त्या जागा सर्वांना पाहता याव्यात आणि दलालाविना भरल्या जाव्यात, ही माझी पहिली विनंती. दुसरी अशी की समुद्र नसलेल्या राज्यांतही, निदान मोठ्या शहरांतील रोजगार कार्यालयांत, परवानाधारक संस्थांची यादी आणि तक्रार नोंदवण्याची सोय असावी. कारण फसवणारे नेमके तेथेच येतात जेथे विचारायला कोणी नसते. तिसरी विनंती परदेशी ध्वजांबाबत : ज्या मालकांनी भारतीय नाविकांना वाऱ्यावर सोडले आहे, त्यांची बाकी फिटेपर्यंत त्यांच्यासाठी येथून भरती करण्यास कोणत्याही संस्थेला मुभा असू नये.

या तिन्हींपैकी कोणत्या गोष्टी मंत्रालयाला शक्य वाटतात आणि कोणत्या नाहीत, हे कारणांसह जाहीर करावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर