मामा, त्या २६ शाफ्टचं बोलायचं राहिलं होतं

मामा,

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंग सोडून काही वाचत नाही हे मला माहितीये, तरी लिहितेय, नातवाला सांगा वाचून दाखवायला. कंपनीतल्या तुमच्या निरोपाच्या दिवशीच बोलणार होते पण तिथं सगळे साहेब लोक, शाल, नारळ, फोटो, आणि माझी पाळी आली तेव्हा नुसतं रडूच यायला लागलं म्हणून मी समोसे वाटायला पळाले. तर ते राहिलेलं आज.

लातूरहून टर्नरचा आयटीआय करून भोसरीत अप्रेंटिस म्हणून आले तेव्हा डोक्यात हवा होती, ट्रेडमध्ये पहिली आले होते ना. तुम्ही पहिल्याच दिवशी एक जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, हातात दिला, मायक्रोमीटर दिला आणि म्हणालात साईज सांग. सांगितली. परत सांग म्हणालात. तीनदा मोजलं आणि तीनदा वेगळी आली! तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त मायक्रोमीटरच्या टोकाचा रॅचेट फिरवून दाखवलात, तीन टिकटिक, बास, जास्त दाबायचं नाही. मग आठ दिवस मी फक्त मोजतच होते. आईला फोनवर सांगितलं होतं की इथं मला कुणी मशीनला हात लावू देत नाही, एक म्हातारा आहे तो नुसता मोजायला लावतो. (सॉरी. तेव्हा म्हातारा म्हणाले होते.)

आणि मग ते २६ शाफ्ट. ८० मिमी व्यास, ड्रॉइंगवर एच ६, म्हणजे शून्य ते वजा १९ मायक्रॉन, मिलिमीटरचे १९ हजारांश, एवढीच जागा. सेकंड शिफ्ट होती, जॉब गार ठेवणाऱ्या कूलंटचा नोझल सरकलेला, माझं लक्षच नाही, जॉब गरम निघत होते आणि मी मशीनमधून काढला की लगेच मोजत होते. साईज मोठी दिसली म्हणून वेअर ऑफसेटला, म्हणजे टूलच्या झिजेसाठी जी दुरुस्ती टाकतात तिथं, वजा ०.०२ टाकला, मग सगळं कसं मस्त मधोमध यायला लागलं, मी खूश. सकाळी थंड झालेले जॉब इन्स्पेक्शनला गेले तर सगळेच्या सगळे अंडरसाईज. बोअर, म्हणजे आतलं भोक, असता तर थंड होऊन लहान झाला तरी परत मारता आला असता, बाहेरचा व्यास एकदा खाली गेला की गेला, भंगारच.

मला वाटलं आता घरी जायचं. तुम्ही केबिनमध्ये गेलात आणि म्हणालात लाईनवर मशीन लावून देणारा सेटर मी आहे, नोझल मी बघायला पाहिजे होता. मी काचेबाहेर उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं मामा. आणि बाहेर येऊन मला मात्र सोडलं नाहीत, सगळ्यांसमोर झापलंत, मग चहा पाजलात आणि एक गरम जॉब मोजायला लावलात, तोच परत अर्ध्या तासाने मोजायला लावलात. डायरीत तुमच्याच पेनने हिशेब करून घेतलात, स्टील एक मीटर लांब असेल तर एका डिग्रीला साधारण १२ मायक्रॉन वाढतं, मग ८० मिमीला २० डिग्रीला किती? १९. म्हणजे आख्खी टॉलरन्स, साईजची ती सगळी सूट, नुसत्या उष्णतेने खाल्ली. आयटीआयला हे शिकवलं नव्हतं असं नाही, पेपरात लिहून मार्क पण घेतले होते मी. पण कळलं त्या दिवशी.

ती डायरी अजून आहे. प्रत्येक रिजेक्शन स्वतःच्या अक्षरात लिहायचं, कारणासकट, आणि "मशीन खराब" हे कारण चालणार नाही, असं तुम्ही बजावलेलं.

आधी एका ठिकाणी महिनाभर होते तिथला सेटर ऑफसेट टाकताना स्क्रीनकडे पाठ करून उभा राहायचा, आपल्याला दिसू नये म्हणून. दुसऱ्याला आलं की आपली किंमत कमी, असं असतं लोकांचं, आणि खोटं कशाला बोलू, पगारवाढीच्या वेळी तसंच होतंही कधीकधी. तुम्ही मात्र मला टूल सेट करायला लावून मागे हात बांधून उभे राहायचात. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, प्रोग्रामची एकेक ओळ चालवत, बोट फीड होल्डवर, म्हणजे थांबवायच्या बटणावर, आणि मागून तुमचं ठरलेलं, "टिंब दिलंस का?" आपल्या मशीनच्या कंट्रोलवर एक्स २० लिहून दशांशाचं टिंब विसरलं की ते २० मिमी नाही, २० मायक्रॉन होतं, हे मला झोपेत पण आठवतं आता.

नंतर एचआरने मेंटरिंगचे फॉर्म आणले, दर महिन्याला भेट, उद्दिष्ट, प्रगती वगैरे. तुम्ही वर्षभराच्या सह्या एका दिवसात करून टाकल्यात. खरं सांगू, त्या फॉर्मात लिहिण्यासारखं काही नव्हतंच, कारण आपलं सगळं शिफ्ट बदलताना आणि डबा खाताना व्हायचं. ड्रॉइंगवरच्या इंग्रजी नोट्स तुम्ही माझ्याकडून समजून घ्यायचात, तेही अप्रेंटिसला विचारतोय असं कधी वाटू न देता, त्यामुळे मलाही काहीतरी येतं असं वाटायचं.

दोन वर्षांनी सेटरच्या जागेसाठी तुम्ही माझं नाव दिलंत, कुणीतरी म्हणालं मुलगी कशी काय, तर म्हणालात ऑफसेट कोण टाकतंय ते मशीनला कळत नाही. हे मला नंतर स्टोअरवाल्याने सांगितलं, तुम्ही कधीच नाही.

एक राग आहे तो पण सांगते. मला व्हीएमसीवर, म्हणजे मिलिंगच्या मशीनवर, जायचं होतं तेव्हा तुम्ही वर्षभर अडवलंत, आधी टर्निंग पक्कं कर म्हणून. मला वाटतं तुम्हाला लाईनवरून माणूस सोडायचा नव्हता. ते वर्ष माझं गेलंच, अजूनही पटत नाही.

परवा खंडेनवमीला तुम्ही दिलेला ७५ ते १०० चा मायक्रोमीटर पूजेत ठेवला होता. नवीन दोन पोरं आलीत अप्रेंटिस, त्यातल्या एकाने हळदकुंकू पुसून लगेच गरम जॉबला लावला, मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची लाईन थांबली, सगळे म्हणाले मामा परत आले काय.

बाकी, त्या मायक्रोमीटरचा रॅचेट जरा अडकायला लागलाय. मी उघडला नाही, तुमच्याशिवाय उघडणार पण नाही. रविवारी घेऊन येते.