आधी साखर, मग फोन: गोव्याच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री, गोवा राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह म्हटला की शिक्षकांच्या डोक्यात पहिले येते ते ‘गोड बंद’. टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार होत नसल्याने ते रोज टोचून घ्यावे लागणाऱ्या मुलाची रक्तातली साखर उतरते तेव्हा नेमकी हीच समजूत घात करते. इन्सुलिन टोचून शाळेत आलेल्या मुलाची न्याहारी अर्धी राहिली किंवा पीटीचा तास लांबला, की साखर ७०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, मूल चिडचिडते किंवा फळ्याकडे नुसते बघत बसते. त्याला ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून ओरडा बसतो.

खात्याने एका पानाचे परिपत्रक काढावे आणि ते मुख्याध्यापकांच्या फाइलीत न राहता वर्गशिक्षक व पीटी शिक्षकांच्या हाती पडावे. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर वजनाच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज द्यायचे. २५ किलोच्या मुलाला साडेसात ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचे दोन सपाट चमचे, अर्ध्या पेला पाण्यात. ग्लुकोज नसेल तर साखर चालते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. ७०च्या खालीच असेल तर तेवढेच परत. चॉकलेट किंवा लाडू नको, त्यातल्या तुपा-तेलाने साखर रक्तात उशिरा पोचते. साखर वर आल्यावर जेवणाला वेळ असेल तर पाव किंवा बिस्किटे.

बोटाला ग्लुकोजची पूड लागलेली असली तर रक्तातली साखर मोजणारा मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो, म्हणून हात धुऊन, पुसूनच टोचायचे. आपल्या पावसाळ्यात मीटरला लावायच्या स्ट्रिपच्या डबीचे झाकण उघडे राहिले की दमट हवेने स्ट्रिपा बिघडतात. ग्लुकोजच्या फोडलेल्या पुड्याचा तर दगडच होतो. तो बरणीत घट्ट बंद हवा, आणि बरणी वर्गातच. कार्यालयाच्या कुलपात ठेवून काय उपयोग? मुलाला ती आणायला एकट्याने जिना चढायला लावू नये. पालकांना फोन साखर दिल्यावर.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून १०८ला फोन करायचा. घरच्यांनी ग्लुकागॉनचे (साखर चटकन वर आणणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन शाळेकडे देऊन ठेवलेले असेल तर २५ किलोच्या आतल्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम, २५ किलो किंवा जास्त वजनाच्या मुलाला एक मिलिग्रॅम. ते कोण देणार, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून त्याला शिकवलेले हवे. सत्तरी-काणकोणच्या आतल्या गावांत रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, तेव्हा ही तयारी शाळेतच लागेल.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये या मुलांविषयी राज्यांना लिहिले होते: वर्गात साखर तपासणे, इन्सुलिन घेणे, मधला खाऊ खाणे याला मुभा असावी, परीक्षेतही. दहावीच्या केंद्रांवर खाऊचा डबा दाराबाहेर ठेवायला लावू नये, एवढी ओळ तरी येत्या परीक्षेच्या सूचनांत यावी.

आपले,
टाइप १ मधुमेहाच्या मुलांची देखभाल करणारे आम्ही काही जण